सोबतीचा पगार: डिमेन्शियाच्या कामासाठी पैसा कसा उभा राहतो

डिमेन्शिया झालेल्या ज्येष्ठांना सांभाळणाऱ्या आमच्या ट्रस्टच्या पावती पुस्तकात 'देणगीचे कारण' असा एक रकाना आहे. मी तिथली खजिनदार, त्यामुळे तो आजवर शेकडो वेळा माझ्याच हाताने भरलाय. लोक सांगतील ते लिहायचं: अन्नदान, औषधोपचार, व्हीलचेअर, इमारत निधी, कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ. नऊ वर्षांत 'पगारासाठी असं लिहा' म्हणणारा एकही देणगीदार मला भेटला नाही. आणि डिमेन्शियाच्या कामात सगळ्यात जास्त पैसा लागतो तो पगारालाच. लंडनमधली मोठी चॅरिटी असो की पुण्यात एखाद्या बंगल्याच्या तळमजल्यावर चालणारं केंद्र असो, ही ओढाताण कुणालाच चुकलेली नाही.

आधी आजाराबद्दल थोडं, कारण पैशाचं गणित आजाराच्या स्वभावातूनच येतं. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हे एका रोगाचं नाव नव्हे. मेंदूच्या पेशी निकामी करणारे अनेक आजार आहेत, त्यांच्यामुळे येणाऱ्या अवस्थेला डिमेन्शिया म्हणतात. त्यांत अल्झायमर सगळ्यात जास्त, दहापैकी सहा-सात रुग्णांमध्ये. सुरुवात विसरण्यापासून होते. मग हिशेब चुकतो, घरचा रस्ता चुकतो, माणसं ओळखू येत नाहीत, अंघोळ, जेवण, संडास सगळ्याला मदत लागते, शेवटी घास गिळणंही जमत नाही. हे सगळं कित्येक वर्षं चालतं. लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब ही अलीकडे आलेली औषधं अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यात ऱ्हासाचा वेग थोडा कमी करतात, पण गेलेलं परत आणत नाहीत. त्यामुळे आज तरी या आजारातली खरी मदत म्हणजे रुग्णाशेजारी बसणारं माणूस. तोच प्रश्न विसाव्यांदा आला तरी न चिडता उत्तर देणारं, आणि हे काम शिकलेलं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालचा डिमेन्शियाचा जगभरातला खर्च १.३ लाख कोटी डॉलर एवढा काढला होता. त्यातला जवळजवळ निम्मा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही, कारण तो घरच्यांच्या वेळेचा आहे. सरासरी रोज पाच तास. आणि काळजीचे हे तास मोजले तर त्यांतले ७० टक्के बायकांचे. आपल्या देशात साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लासी-डॅड' या पाहणीने दिला. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये प्रमाण जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. दिल्लीच्या एम्सने अमेरिकेतल्या एका विद्यापीठाबरोबर केलेल्या या पाहणीसाठी पैसा आला अमेरिकी सरकारच्या वार्धक्य संशोधन संस्थेकडून. आपल्याकडे रुग्ण किती आहेत हे मोजायलाही परक्या देशाच्या करदात्यांचा पैसा लागला, हे मला अजून बोचतं.

'साठी बुद्धी नाठी'

ही म्हण निधी गोळा करणाऱ्याची सगळ्यात मोठी अडचण आहे. म्हातारपणी विसरायला होतंच, चळ लागतोच, त्यात आजार कसला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ज्याला आजारच मानत नाहीत त्यासाठी खिशात हात कोण घालेल? लहान मुलाच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी चार दिवसांत लाखो रुपये जमतात, आणि जमायलाच हवेत. ७८ वर्षांच्या आजोबांना दुपारभर सोबत हवी आहे, यासाठी फोन केला की समोरून पहिला प्रश्न येतो, 'मुलं नाहीत का त्यांना?'

दुसरी अडचण अशी की या आजारातून बरं झालेलं कुणी नाही. कॅन्सरच्या कार्यक्रमात बरी झालेली बाई व्यासपीठावर येऊन दोन शब्द बोलते आणि सभागृह हलतं. अमेरिकेतली अल्झायमर्स असोसिएशन दरवर्षी शेकडो शहरांत पदयात्रा काढते. त्यात चालणाऱ्यांच्या हातात रंगीत फुलं असतात. स्वतःला आजार असेल तर निळं, कुणाची काळजी घेत असाल तर पिवळं, माणूस गमावलं असेल तर जांभळं, नुसताच पाठिंबा असेल तर नारिंगी. यांत एक पांढरं फूलही असतं. ते यातून वाचणाऱ्या पहिल्या माणसासाठी राखलेलं आहे. तो माणूस अजून यायचा आहे.

तिसरी अडचण घरच्यांची. कुठल्याही आजारासाठी सगळ्यात जिवाभावाने पैसा उभा करतात ते रुग्णाचे नातेवाईक. इथे ते रात्र रात्र जागत असतात. आमच्याकडे येणाऱ्या एका सुनेला मी एकदा कार्यक्रमाच्या तिकिटांचं विचारलं. तिने पुस्तक घेतलं, आणि दोन महिन्यांनी तसंच्या तसं परत आणून दिलं. तिला दोष द्यायची माझी छाती नाही. आणि रुग्ण गेल्यावर बऱ्याच घरांना त्या वर्षांची आठवणच नको असते.

म्हणूनच स्वतः आजारी असताना बोलणारा माणूस मोलाचा ठरतो. इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट यांना साठीच्या आतच अल्झायमर झाल्याचं निदान झालं. २००७च्या अखेरीस त्यांनी ते जाहीर केलं, २००८मध्ये संशोधनासाठी सुमारे पाच लाख पौंड दिले, आणि कॅन्सरच्या मानाने या आजाराच्या संशोधनाला मिळणारा पैसा किती क्षुल्लक आहे हेही सुनावलं. त्यांच्या वाचकांनी मग 'त्यांनी दिले तेवढे आपण जमवू' म्हणून मोहीमच उघडली.

ब्रिटनचं उदाहरण

ब्रिटन इथे समजून घेण्यासारखा आहे, कारण तिथे एकाच आजारासाठी तीन वेगळ्या धाटणीच्या संस्था शेजारीशेजारी काम करतात. अल्झायमर्स सोसायटी १९७९ची. ती सेवा, सल्ला आणि संशोधन असं सगळंच बघते. अल्झायमर्स रिसर्च यूके १९९२ची आणि ती फक्त संशोधनाला पैसा देते. तिसरी डिमेन्शिया यूके, तिचा सगळा भर नर्सेसवर.

या तिसरीची गोष्ट मला फार आवडते. जोसेफ लेव्ही नावाच्या उद्योजकाला डिमेन्शिया झाला. त्यांना शिडाच्या होड्यांचं वेड, म्हणून घरचे त्यांना 'ॲडमिरल जो' म्हणायचे. आपल्यावर जे गुदरलं ते निभावताना हाताशी कुणी जाणकार नव्हतं, हे त्या कुटुंबाला जाणवलं आणि त्यातून 'ॲडमिरल नर्स' ही कल्पना आली. ही नर्स रुग्णापेक्षाही त्याच्या घरच्यांकडे बघते. वडील रात्री दाराची कडी वाजवत राहतात तेव्हा काय करायचं, गाडीची किल्ली त्यांच्याकडून कशी काढून घ्यायची, असले प्रश्न ती सोडवते. बहुतेक नर्सेसची नोकरी एखाद्या रुग्णालयात किंवा सेवासंस्थेत असते, आणि डिमेन्शिया यूके त्यांना घडवते, त्यांच्या पाठीशी राहते. देणगी मागताना ती 'एका नर्सचा वेळ' मागते. माझ्या रकान्यात कधीच न आलेला पगार तिने वेगळ्या शब्दांत आपल्या मागणीच्या मधोमध ठेवला.

आता पैसा कुठून येतो ते बघू. पदयात्रा, केकच्या पार्ट्या, मॅरेथॉन हे सगळ्यांना दिसतं. २०१९च्या लंडन मॅरेथॉनसाठी पहिल्या दोन संस्थांनी हातमिळवणी केली आणि शेकडो धावपटूंनी देशाच्या डिमेन्शिया संशोधन संस्थेसाठी पैसा जमवला. पण अल्झायमर्स सोसायटीला मिळणाऱ्या देणग्यांत सगळ्यात मोठा वाटा मृत्युपत्रांतून येतो. माणूस आपल्या इस्टेटीचा एखादा हिस्सा, कधी टक्का-दोन टक्के, संस्थेच्या नावे लिहून ठेवतो. संस्थेला तो पंधरा-वीस वर्षांनी मिळतो. त्यासाठी विश्वास लागतो, आणि संस्था तोवर टिकेल याची खात्री लागते. अंत्यविधीला फुलं आणण्याऐवजी देणगी द्यावी, असं कुटुंबीय सांगतात ती रक्कम वेगळीच.

तिथला 'गिफ्ट एड' हा सरकारी नियमही मोठा कामाचा. कर भरणाऱ्या माणसाने एक पौंड दिला आणि एक साधा कागद सही करून दिला, की सरकार वरून २५ पेन्स संस्थेला देतं. म्हणजे करसवलतीचा फायदा थेट कामाला होतो.

आपल्याकडचे रस्ते

भारतात या कामाची संघटित सुरुवात केरळमध्ये झाली. त्रिशूर जिल्ह्यातल्या कुन्नमकुळमचे डॉ. जेकब रॉय यांच्या वडिलांना डिमेन्शिया झाला होता. त्यांनी १९९२मध्ये 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था सुरू केली. आज तिच्या शाखा मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत आहेत. केरळ सरकारने पुढे याच संस्थेला बरोबर घेऊन 'स्मृतिपथम्' ही योजना आणली. इमारत आणि काही खर्च सरकारचा, चालवणार संस्था. मुंबईत १९९५पासून काम करणारी डिग्निटी फाउंडेशन, बंगळुरूचा नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्ट अशी आणखी नावं आहेत. या सगळ्यांना पैसा मिळतो तो साधारण चार-पाच वाटांनी, आणि प्रत्येक वाटेवर खाचखळगे आहेत.

पहिली वाट तुम्हा-आम्हासारख्यांची देणगी. देणगीवर करसवलत मिळवून देणाऱ्या ८०जी प्रमाणपत्राबद्दल एक गैरसमज इतका पक्का आहे की तो इथेच दूर करते. '५० टक्के सवलत' म्हणजे अर्धे पैसे परत मिळतात असं नाही. तुम्ही १०,००० रुपये दिले तर ५,००० रुपये तुमच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतात. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर कर साधारण दीड हजाराने कमी होतो. २,००० रुपयांच्या वर रोख दिलेत तर तेवढंही नाही. आणि आता बहुतेक पगारदार ज्या नव्या करप्रणालीत आहेत तिथे ही सवलत मुळातच नाही. मार्चअखेरीला ८०जी विचारत येणारे फोन त्यामुळे कमी झाले आहेत. देणगी देणाऱ्याचं नाव आणि पॅन संस्थेने प्राप्तिकर खात्याला कळवावं लागतं आणि मग तुम्हाला प्रमाणपत्र मिळतं, म्हणून आम्ही पॅन मागतो. त्यात संशय घेण्यासारखं काही नाही.

दुसरी वाट कंपन्यांची. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते. यालाच सीएसआर म्हणतात. यात चालणाऱ्या कामांच्या यादीत ज्येष्ठांची डे-केअर केंद्रं स्पष्ट लिहिलेली आहेत. कागदावर सगळं जुळतं. मग अडतं कुठे?

वेळेत अडतं. सीएसआरचा चालू प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांचा. आमच्याकडे येणारे काका सातव्या वर्षात आहेत. तीन वर्षांनी कंपनीचं धोरण बदललं, नवा अधिकारी आला, त्याला शाळांचं काम जवळचं वाटलं, तर त्या काकांना कुणी काय सांगायचं? शिवाय २०२१च्या नियमबदलानंतर संस्थेच्या कायमनिधीत, म्हणजे मूळ रक्कम तशीच ठेवून फक्त व्याज वापरायच्या निधीत, टाकलेली रक्कम सीएसआर म्हणून धरत नाहीत. पैसा आला की खर्च करायचा, बाजूला ठेवायचा नाही. एकदा एका कंपनीने आम्हाला उत्तम गाडी दिली. ती चालवायला ड्रायव्हर हवा आणि डिझेल हवं, हे सांगितल्यावर 'तो तुमचा चालू खर्च' असं उत्तर आलं. गाडी अडीच महिने अंगणात उभी होती.

तिसरी वाट मॅरेथॉनची. मुंबई मॅरेथॉन २००४पासून धावते आहे आणि 'युनायटेड वे मुंबई' या संस्थेमार्फत शेकडो सामाजिक संस्था तिच्यातून निधी उभा करतात. धावणारा आपल्या ओळखीच्यांना सांगतो, मी अमुक संस्थेसाठी धावतोय, तुम्ही देणगी द्या. खरी कमाई त्या ओळखींची असते. लोक आजाराकडे बघून देत नाहीत, आपल्या भाच्याकडे बघून देतात. म्हणून मी या प्रकाराला कमी लेखत नाही. त्या भाच्याच्या निमित्ताने चाळीस घरांत 'डिमेन्शिया' हा शब्द जातो. त्याच मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांची वेगळी दौड असते. तिथे एकदा तरी उभं राहून बघा.

ऑनलाइन क्राउडफंडिंग या आजाराला फारसं मानवत नाही. तिथे शस्त्रक्रियेची तारीख लागते, ठरलेला आकडा लागतो, शेवट लागतो. डिमेन्शियाला तारीख नाही.

परदेशातल्या मराठी मंडळींचा प्रश्न वेगळा. न्यू जर्सीहून मुलगी आईच्या नावे आमच्या संस्थेला पैसे पाठवू म्हणते. तिचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि ती स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकेच्या मार्गाने देत असेल, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असेल, तर मात्र संस्थेकडे परदेशी देणगी घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी हवी. तिच्यासाठी साधारणपणे संस्था तीन वर्षं जुनी असावी लागते आणि त्या काळात तिने कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. २०२०च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतच यावा लागतो, आणि तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. पूर्वी मोठी संस्था परदेशातून पैसा आणून लहान संस्थांना वाटू शकायची, ते आता बंद. त्यामुळे परदेशी नागरिकत्व असताना मदत करायची असेल तर पैसे पाठवण्याआधी एकच प्रश्न विचारा, 'तुमच्याकडे एफसीआरए आहे का?' नाही म्हणाले तर भारतीय पासपोर्ट असलेल्या भावंडाला त्याच्या स्वतःच्या खिशातून द्यायला सांगा.

एका केंद्राचं गणित

खालचे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत. कुठल्या खऱ्या केंद्राचे नाहीत, पण मोठ्या शहरात फार वेगळे निघणार नाहीत.

समजा, एका डे-केअरमध्ये १५ ज्येष्ठ येतात, महिन्याचे २५ दिवस. चार मदतनीस, प्रत्येकी १८,००० रुपये, झाले ७२,०००. एक नर्स-समन्वयक ३५,०००. अर्धवेळ ऑक्युपेशनल थेरपिस्ट २०,०००. जागेचं भाडं ६०,०००. ने-आण करणारी गाडी, ड्रायव्हर धरून, ४५,०००. चहा, नाश्ता, जेवण ३०,०००. वीज, साफसफाई, डायपर, किरकोळ १८,०००. बेरीज २,८०,०००. एका माणसामागे महिन्याला साधारण १८,७०० रुपये. घरच्यांकडून ८,००० रुपये घेतले, आणि मध्यमवर्गाला तेही जड जातात, तर जमा १,२०,०००. तूट महिन्याला १,६०,०००, वर्षाला १९ लाख २० हजार.

आता ही तूट भरायची. २०० धावपटूंनी प्रत्येकी ५,००० आणले तर १० लाख होतात, म्हणजे सहा महिने निभावले. कायमनिधी उभारून त्याच्या व्याजावर चालवायचं म्हटलं, तर ७ टक्के दराने पावणेतीन कोटी रुपये ठेवीत हवेत. या १५ जणांसाठी. शिवाय पगार दरवर्षी वाढतात, व्याजदर वाढेलच असं नाही. कुणी कायमनिधीसाठी देणार असेल तर त्याने तसं लेखी सांगावं लागतं, आणि ती रक्कम आम्हाला वेगळी गुंतवून ठेवावी लागते.

या गणितात कापाकापी करायची तर कात्री कुठे चालते? भाडं कमी होत नाही, डिझेल कमी होत नाही. चारऐवजी तीन मदतनीस होतात. मग एक मदतनीस पाच जणांना सांभाळते, कुणी उठून दाराकडे गेलं तर उरलेल्या चौघांजवळ कुणी नसतं, म्हणून दाराला कुलूप लागतं. बाहेरून बघणाऱ्याला केंद्र तसंच दिसतं, वार्षिक अहवालात 'लाभार्थी १५' हा आकडाही तोच राहतो.

म्हणून संस्था निवडताना 'व्यवस्थापनावर किती टक्के खर्च करता' हा प्रश्न मला अपुरा वाटतो. या कामात पगार हाच उपचार आहे. त्याऐवजी विचारा, की किती ज्येष्ठांमागे एक मदतनीस आहे. दोन वर्षांहून जास्त टिकलेले कर्मचारी किती, कारण चेहरे सतत बदलले की हे रुग्ण बिथरतात. उद्या देणग्या थांबल्या तर किती महिने पुरेल एवढी शिल्लक आहे. आणि धर्मादाय आयुक्तांकडे सादर केलेले लेखापरीक्षित हिशेब दाखवायला सांगा. चांगली संस्था ते आनंदाने दाखवते.

फोटोचा प्रश्न

देणगीदार फोटो मागतात. हक्काने मागतात, आणि त्यांचंही चूक नाही. आपला पैसा कुठे गेला हे बघावंसं वाटतंच. अडचण अशी की ज्यांचा फोटो काढायचा त्यांना 'काढू का' असं विचारून उपयोग नसतो. आयुष्यभर इस्त्रीचा सदरा घालून वर्गात शिकवणारे सर. त्यांचा तोंडातून लाळ गळतानाचा फोटो लावला तर पैसे जास्त येतील, हे मला कळतं. मुलाने संमतीपत्रावर सही केली असली तरी सरांनी स्वतः ती कधीच दिली नसती. आमच्या ट्रस्टमध्ये यावर खूप वाद झाले. शेवटी ठरलं की चेहरे नाहीत, हात दाखवायचे. पालेभाजी निवडणारे, पत्ते पिसणारे, टाळ धरलेले. त्या वर्षी देणग्या थोड्या कमी आल्या. तरी निर्णय बदलला नाही.

जगभरच्या संस्था आता निदान लवकर झालेल्या रुग्णांनाच, ते बोलू शकतात तोवर, विचारतात: तुमची गोष्ट सांगायची का, कशी सांगायची, काय वगळायचं. हा मार्ग मला सगळ्यात सरळ वाटतो. पण त्यासाठी निदान लवकर व्हायला हवं, आणि 'साठी बुद्धी नाठी' म्हणणाऱ्या घरात ते होत नाही.

संशोधनाचा पैसा वेगळा का

सेवेला पैसा दर महिन्याला लागतो. संशोधनाला तो बराच काळ वाट बघणारा लागतो. मोठ्या औषधचाचण्या चॅरिटीच्या आवाक्याबाहेरच्या असतात. चॅरिटी काय करू शकते, तर तरुण संशोधकाच्या नव्या कल्पनेला पहिला छोटा निधी देते. त्यातून थोडे निष्कर्ष हातात आले की तो सरकारकडे मोठा निधी मागू शकतो. कुणाला द्यायचं हे त्या विषयातल्या तज्ज्ञांकडून तपासून ठरवतात. बऱ्याच कल्पना फसतात, आणि देणगीदाराला हे आधीच मोकळेपणाने सांगावं लागतं. कधी संस्था सरकारला आपल्याबरोबर ओढतात. ब्रिटनच्या डिमेन्शिया संशोधन संस्थेसाठी तिथल्या दोन मोठ्या चॅरिटींनी प्रत्येकी ५ कोटी पौंड देण्याचं कबूल केलं आणि मोठा हिस्सा सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने उचलला.

आपल्याकडचं मोठं उदाहरण बंगळुरूचं. इन्फोसिसचे एक संस्थापक क्रिस गोपालकृष्णन यांच्या प्रतीक्षा ट्रस्टने २०१४च्या सुमारास भारतीय विज्ञान संस्थेला मेंदू संशोधन केंद्रासाठी २२५ कोटी रुपये देऊ केले. या केंद्राने कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरा तालुक्यात ४५ वर्षांवरच्या १०,००० ग्रामस्थांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. रक्त, स्मरणशक्तीच्या चाचण्या, मेंदूचे स्कॅन, तीच माणसं पुन्हा पुन्हा तपासायची. कुणाला डिमेन्शिया होतो, कुणाला होत नाही आणि का, हे अशाच अभ्यासातून कळतं. टाटा ट्रस्ट्सच्या मदतीने बंगळुरू शहरातल्या सुमारे हजार लोकांचा असाच अभ्यास चालू आहे.

हे आपल्याच लोकांवर का करायचं? परदेशात तयार झालेल्या बऱ्याच चाचण्या शाळेत गेलेल्या माणसाला धरून बनवलेल्या असतात. कधी पेन्सिल न धरलेल्या माझ्या आजीला 'घड्याळाचं चित्र काढा' म्हटलं असतं तर ती नापास झाली असती. आणि तीच आजी गावातल्या तीन पिढ्यांची सोयरीक तोंडपाठ सांगायची. तिला आजार होता की नव्हता हे ठरवायला तिच्या भाषेतली, तिच्या जगातली चाचणी लागते. ती बनवायला पैसा लागतो, आणि या पैशासाठी आवाहन करणं सगळ्यात अवघड, कारण देणगीदाराला दाखवण्यासारखं त्यात काहीच नाही.

एक गोष्ट मात्र हाताशी आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४च्या अहवालाने १४ धोक्याची कारणं दिली आहेत. ती सगळी दूर करता आली तर डिमेन्शियाच्या सुमारे ४५ टक्के केसेस टळू किंवा लांबू शकतात. त्यांत ऐकू न येणं आहे, दृष्टी अधू होणं आहे, रक्तदाब आणि मधुमेह आहे, एकटेपणा आहे, लहानपणी न मिळालेलं शिक्षण आहे. तुमच्या भागातली रोटरी किंवा लायन्स क्लबची शाखा श्रवणयंत्रं वाटत असेल, मोतीबिंदूची शिबिरं भरवत असेल, तर तिथे दिलेला पैसाही याच कामाचा आहे.

तिथीची पावती

आपल्या लोकांना द्यायला शिकवावं लागत नाही. वृद्धाश्रमात आईच्या तिथीला जेवण घालतात, पंच्याहत्तरीच्या पत्रिकेत 'आहेर आणू नये, इच्छा असल्यास संस्थेस देणगी द्यावी' असं छापतात, दिवसकार्याचा खर्च वाचवून संस्थेला चेक देतात. या सवयी ब्रिटनच्या मृत्युपत्रांइतक्याच भक्कम आहेत. फक्त त्या अन्नाभोवती बांधलेल्या आहेत. आमच्याकडे श्रावणात एकेका दिवशी तीन-तीन घरांचं गोडधोड येतं. गिळायला त्रास होणाऱ्या माणसांपुढे जिलबी ठेवता येत नाही.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही तिथीच्या देणगीचा मजकूर बदलून पाहिला. एका मदतनिसाचा एका दिवसाचा पगार, वरच्या गणितातल्यासारखा धरला, तर ७२० रुपये. आईच्या तिथीला जेवणाऐवजी त्या दिवशीची सोबत द्या, असं विचारायला सुरुवात केली. पहिल्या चार-पाच जणांनी नको म्हटलं, जेवणच बरं म्हणाले. मग एक निवृत्त एसटी कंडक्टर आले. त्यांची पत्नी आमच्याकडे साडेतीन वर्षं येत होती आणि आमच्या एका मदतनीस ताईंना ती आपली धाकटी बहीण समजायची. त्यांनी आधी विचारलं, 'त्या दिवशी त्याच ताई असतील ना कामावर?' असतील म्हटल्यावर सुटे मोजून ७२० रुपये टेबलावर ठेवले आणि वर्षातून दोनदा देईन म्हणाले, तिच्या वाढदिवसाला आणि तिथीला. कारणाच्या रकान्यात काय लिहू, असं मी विचारलं. त्यांनी पेन माझ्याकडून घेतलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, 'सोबत, दिवस एक.'